भाजी कोणाच्या हातची

बालाघाट जिल्ह्याच्या जुन्या वर्णनांत परसवाड्याच्या पठाराची गोष्ट एका माणसाच्या नावाने सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा वरचा मुलूख जवळजवळ सगळा रानच होता, आणि लछमन नाईक याने पठारावरची पहिली गावे वसवली, असे इंग्रजी अमदानीतले ग्रंथ सांगतात. वस्ती झाली की आधी धानाच्या बांध्या येतात आणि मग घरामागे, विहिरीच्या आधाराने, भाजीची बाडी येते. वैनगंगेच्या खोऱ्यात बाडीत मुरलेली जात म्हणजे मरार. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड प्रसिद्ध केले. त्यांत मरारांची नोंद माळ्यांबरोबरच आहे, भाजी आणि फुले पिकवणारी जात म्हणून.

बाडी लहान असली तरी तिला माणसाचे सगळे शरीर लागते. मोटेवर बैल हाकायला एक जण, वाफ्यात पाणी वळवायला दुसरा. निंदण उकिडवे बसूनच करायचे, तेही तासन्‌तास. वांगी, मिरची, कोथिंबीर पहाटे तोडून टोपल्यात भरायची, टोपले डोक्यावर घ्यायचे आणि आठवडी बाजारापर्यंत पायी जायचे. ज्याचा पाय अधू, ज्याला दिसत नाही, ज्याच्या बोटांत धरण्याची ताकद नाही, त्याने या साखळीत कुठे बसायचे?

घरच्या बाडीत त्याला थोडीफार जागा मिळत असे. पाखरे हाकणे, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणे, बियाणे वाळवून राखेत मळून ठेवणे, रात्री जनावरांची राखण करणे ही कामे बसल्या जागी होतात आणि आजही होतात. पण त्याबद्दल ना मजुरी, ना धंद्यात नाव. माळीकाम करणारा म्हणून अपंग माणूस कुठल्या जुन्या नोंदीत सापडत नाही, त्याचे मोठे कारण हे. तो काम करत होता. त्या कामाला कोणी काम म्हणत नव्हते.

एका आजाराच्या माणसांना मात्र एवढीही मुभा नव्हती. कुष्ठरोग झालेल्याला घरच्या बाडीतूनच उठवले जाई.

ब्रिटिश सरकारने १८९८ साली लेपर्स ॲक्ट केला. भीक मागणाऱ्या निर्धन कुष्ठरोग्याला पोलिसांनी वॉरंटशिवाय पकडावे आणि आश्रमात डांबावे, ही त्यातली तरतूद बऱ्याच जणांना ठाऊक असते. नववे कलम कमी चर्चिले जाते, आणि आपल्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे. प्रांतिक सरकार ज्या भागापुरता हुकूम काढील तिथे कुष्ठरोग्याने खाण्यापिण्याचा कोणताही जिन्नस विक्रीसाठी स्वतः तयार करायचा नाही, विकायचाही नाही. सार्वजनिक विहिरीवर किंवा तळ्यावर पाणी भरायचे नाही. भाड्याच्या गाडीत बसायचे नाही. भाजीवाल्याच्या दृष्टीने वाचले तर पाणी, वाहन आणि बाजार, तिन्ही वाटा या कलमाने बंद करता येत होत्या. जमीन तेवढी उरत होती, आणि तीही असलीच तर.

कायदा कुठे किती काटेकोरपणे राबवला गेला हा भाग वेगळा. त्याने जे लिहून ठेवले ते लोकांच्या मनात आधीपासूनच पक्के होते. ‘त्याच्या हातची भाजी’ कोणी घेत नसे, त्यासाठी हुकूम लागत नव्हता.

वर्धा, चांदा, भंडारा, बालाघाट हे सगळे जिल्हे तेव्हा एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि विदर्भ मुंबई राज्यात गेला. म्हणून परसवाड्याच्या बाडीचा इतिहास शोधणाऱ्याला वर्ध्या-वरोऱ्याकडे वळावेच लागते. ज्या हातांना बागेतून उठवले होते त्यांना पुन्हा बागेत बसवण्याचे काम त्याच जुन्या मध्यप्रांतात झाले.

पहिले पाऊल वर्ध्याजवळच्या दत्तपूरचे. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली तिथे कुष्ठधाम सुरू केले. त्याआधीचे बहुतेक आश्रम मिशनऱ्यांचे होते. इथे एका मराठी माणसाने आपल्या हाताने जखमा धुवायला सुरुवात केली. शेती आणि सूतकताई हा तिथल्या दिवसाचाच भाग होता. पुढे संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोग घेऊन सेवाग्रामच्या दाराशी आले आणि गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले, त्यांना स्वतः मालिश केली. त्या प्रसंगाची छायाचित्रे देशभर गेली. शास्त्रीबुवांचे अखेरचे दिवस दत्तपूरलाच गेले. १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीजवळ तपोवन उभारायला घेतले, तेही याच वाटेने: आधी उपचार, पाठोपाठ काम.

तरीही बाग, तिची अवजारे, तिची माणसे आणि तिचा बाजार या सगळ्यांचा एकत्र विचार करावा लागला तो आनंदवनात.

मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, हे हिंगणघाटचे. २६ डिसेंबर १९१४ चा जन्म, घरची जमीनदारी, व्यवसाय वकिली. वरोऱ्यात ते नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते आणि तिथल्या सफाई कामगारांबरोबर मैला वाहण्याचे कामही त्यांनी केले. पावसात भिजत, किडे पडलेल्या अवस्थेत मरणाला टेकलेला तुळशीराम त्यांना दिसला आणि ते घाबरून पळाले, ही गोष्ट त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितली आहे. त्या भीतीला उत्तर म्हणून ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोग शिकून आले. महारोगी सेवा समिती १९४९ साली स्थापन झाली. वरोऱ्याबाहेर पन्नास एकर खडकाळ, झुडपी जमीन मिळाली आणि जून १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला. बाबा, त्यांच्या पत्नी साधनाताई, दोन लहानगी मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये, असे त्या सुरुवातीचे वर्णन महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. पुढची गोष्ट तितकी सांगितली जात नाही. तिथे पहिले काम झाले ते विहीर खणण्याचे.

याला कारण होते. गावच्या विहिरीवर त्यांना कोणी पाणी भरू दिले नसते. १८९८ च्या कलमाने जी पहिली वाट अडवली होती तीच आधी मोकळी करायची होती, आणि दगड फोडायला मजूर येणार नव्हते. भर उन्हाळ्यात मोजक्या अवजारांवर बाबा आणि त्यांच्याबरोबरचे रुग्ण ती विहीर खणत राहिले. पाणी लागले, मग वाफे झाले.

आता त्या वाफ्यातला हात जवळून पाहायला हवा, कारण अडचण तिथेच आहे. कुष्ठरोगाचे जंतू नसांवर हल्ला करतात. कोपराजवळची नस गेली की करंगळी आणि अनामिका आत वळतात, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खंगतो. खुरपे धरायला लागणारी चिमटच जाते. त्याहून घातक म्हणजे संवेदना जाते. खुरप्याच्या मुठीवर किती जोर दिला हे निरोग्याला त्वचा सांगते. बधिर हाताला ते कळत नाही, म्हणून तो गरजेपेक्षा फार घट्ट धरतो. मुठीला बारीक कुसळ असले तरी ते आत शिरते आणि दुखत नाही. दिवसभर निंदण होते, फोड येतो, फुटतो, माती जाते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बोटे रोगाने झडत नाहीत. ती अशी कामाने, न कळलेल्या जखमांनी, एकेक पेर करून जातात.

हे शास्त्राने सिद्ध केले वेल्लोरला. शल्यचिकित्सक पॉल ब्रँड १९४६ साली तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. वाकडी बोटे सरळ करण्यासाठी निरोगी स्नायूचा कंडरा दुसरीकडे जोडण्याच्या शस्त्रक्रिया त्यांनी केल्या आणि त्या जगभर गेल्या. पण शस्त्रक्रियेने सुधारलेले हात काही महिन्यांत पुन्हा जखमी होऊन येऊ लागले, तेव्हा त्यांनी रुग्णांसाठी वसवलेल्या वस्तीत प्रत्येक जखमेचा माग काढला. कुणी गरम भांडे धरले होते, कुणी हातोडीचा खडबडीत दांडा. झोपेत उंदराने बोट कुरतडल्याच्या घटनाही निघाल्या. उपाय म्हणून मांजरे पाळली गेली. अवजारांपुरता उपाय साधा होता. मूठ जाड करायची, गुळगुळीत करायची, तिच्यावर मऊ आवरण चढवायचे, म्हणजे जोर तळव्याच्या एका ठिपक्यावर न पडता सगळ्या हातभर वाटला जाईल. पायांत मऊ रबराच्या चपला. रोज संध्याकाळी स्वतःचे हातपाय डोळ्यांनी तपासायचे, कारण दुखण्याने मिळणारी सूचना आता डोळ्यांनाच द्यायची आहे.

जगात इतरत्र अपंगांसाठी बाग म्हटले की बहुधा वास घेण्याची बाग पुढे येते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन बोटॅनिक गार्डनमध्ये १९५५ साली अंधांसाठी सुगंधी बाग झाली. ॲलिस आयरीज यांनी तिची आखणी केली, वाफे कंबरेइतके उंच बांधले आणि नावे ब्रेलमध्ये लावली. चाकाच्या खुर्चीवरून पानाला हात पोचतो, वाकावे लागत नाही. कल्पना सुंदर आहे आणि तिचे अनुकरणही पुष्कळ झाले. मात्र त्या बागेत अपंग माणूस पाहुणा आहे. इंग्लंडमध्ये १९७८ साली क्रिस अंडरहिल यांनी बागकामातून उपचार करणारी संस्था काढली, तिथे तो निदान माळी झाला. वरोऱ्याच्या माळावर तर १९५१ पासून त्याला पिकवून पोट भरायचे होते. ही तिसरी पायरी अवघड आहे, आणि ती आपल्याकडे आधी गाठली गेली याचा मराठी वाचकाला पुरेसा अभिमान नाही, असे वाटते.

आनंदवनाने काम वाटले ते शरीर पाहून. ज्याचे पाय शाबूत त्याने पाणी वळवावे, ज्याचे हात शाबूत त्याने रोपे लावावीत, ज्याचे दोन्ही गेले त्याने राखण आणि हिशेब पाहावा. एका माणसाला जे जमत नाही ते दोघांना जमते, ही व्यवस्था पुढे अंध, मूकबधिर, अपंग अशा सगळ्यांसाठी तिथे वाढत गेली. साधनाताईंनी गोठा आणि स्वयंपाकघर सांभाळले. बाबांना पुढे मणक्याच्या दुखण्याने बसणेच अशक्य झाले. ते उभे राहू शकत किंवा आडवे पडू शकत. बसून करायच्या कामांवर उभ्या असलेल्या या जगात बसता न येणे म्हणजे काय, हे त्या आश्रमाच्या प्रमुखाने उरलेले सारे आयुष्य अंगावर काढले.

पीक आले. घरची गरज भागून भाजी उरू लागली, दूधही उरू लागले. आणि वरोऱ्याचा बाजार ते घेईना.

या टप्प्यावर बाग अडली ती अवजारांपाशी नाही, माणसांपाशी. खुरप्याची मूठ जाड करता येते. गिऱ्हाइकाच्या मनाला कुठली मूठ लावायची? पन्नासच्या दशकाच्या पूर्वार्धात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे निरनिराळ्या देशांतले तरुण आनंदवनात श्रमदानाला आले. त्यांनी रुग्णांबरोबर विटा-दगड वाहून इमारती उभ्या केल्या. ते तिथेच राहिले आणि रुग्णांनी पिकवलेले खाऊन राहिले. वरोऱ्याचे लोक आधी लांबून पाहायला आले. मग जवळ आले. साता समुद्रांपलीकडची मुले जेवतात, त्यांना काही होत नाही, हे डोळ्यांदेखत दिसल्यावर आनंदवनाच्या भाजीला बाजार मिळाला.

या प्रसंगात आनंद आहे तशी एक बोचही आहे. बाबा, साधनाताई, त्यांची लहान मुले तीच भाजी रोज खात होती आणि गावाला ते पुरत नव्हते; परक्या देशातल्या पाहुण्यांची साक्ष लागली. तरी झाले ते फार मोठे झाले. कायद्याने आणि रूढीने अडवलेली शेवटची वाट, बाजाराची, मोकळी झाली. सल्फोन गटातल्या डॅपसोनसारख्या औषधांनी आजार आटोक्यात येऊ लागला होता आणि १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवल्यावर तो बराही होऊ लागला. पण वरोऱ्यातला फरक गोळीने नव्हे, भाजीने पडला होता.

नंतरचा विस्तार भराभर सांगता येतो. नागपूरजवळ अशोकवन झाले, मूल तालुक्यात सोमनाथ झाले आणि तिथे बऱ्या झालेल्या रुग्णांनी धानशेती केली. आनंदवनात अंधांची शाळा निघाली, अपंगांना हस्तव्यवसाय शिकवणारे संधिनिकेतन निघाले. १९६४ मध्ये आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झाले आणि १९६५ मध्ये शेतकी महाविद्यालय. ज्या गावाने भाजी नाकारली त्याच पंचक्रोशीतली निरोगी मुले कुष्ठरुग्णांनी कसलेल्या जमिनीवर शेतीची पदवी घ्यायला येऊ लागली. बागकाम अपंगांसाठी खुले करा, असे आपण सहज म्हणतो. इथे अपंगांनी आपली बाग गावासाठी खुली केली. या विषयावरच्या लिखाणात ही उलटी दिशा क्वचितच दिसते.

अंधांच्या शेतीचा प्रयोग मराठी मुलुखाच्या उत्तर शिवेवर झाला. मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडने १९६० साली फणसा इथे, आताच्या गुजरातेतल्या वलसाड जिल्ह्यात, अंधांसाठी टाटा कृषी व ग्रामीण प्रशिक्षण केंद्र काढले. तोवर अंध माणसाला शिकवायचे म्हणजे खुर्ची विणणे किंवा बाजाची पेटी, असा समज होता. खेड्यातल्या अंधाला शहरात आणून खुर्च्या विणायला बसवण्यापेक्षा त्याच्याच शेतावर परत उभे करावे, हा त्यामागचा विचार. साधनेही गावातलीच पुरतात. ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी दोन खुंट्यांना ताणली की रोप गाठीपाशी लावायचे. ओळ चुकत नाही, अंतर चुकत नाही. खत आणि पाणी त्याच गाठीवरून मोजायचे. भाजी तोडताना तर बोटे डोळ्यांच्या पुढे असतात: वांग्याचा ताठरपणा, गवारीच्या शेंगेचा कोवळेपणा हातालाच कळतो.

कायदाही हळूहळू बदलत गेला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सात प्रकारची अपंगत्वे मान्य केली आणि कुष्ठरोगातून बरा झालेला माणूस त्या सातांत होता. २०१६ हे साल त्याहून लक्षात ठेवण्याजोगे. त्या वर्षी मे महिन्यात संसदेने कालबाह्य कायद्यांची जी मोळी रद्द केली तिच्यात १८९८ चा लेपर्स ॲक्ट होता, आणि डिसेंबरात दिव्यांगजन अधिकार कायदा आला. त्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. त्याचे सदतिसावे कलम शेतजमीन वाटपाच्या योजनांत लक्षणीय अपंगत्व असलेल्यांना पाच टक्के आरक्षण देते आणि त्यातही स्त्रियांना अग्रक्रम देते. एकशे अठरा वर्षांपूर्वीच्या नवव्या कलमाशेजारी हे कलम ठेवून वाचावे, म्हणजे किती अंतर कापले ते कळते.

कागदावर कापले, असे म्हणायला हवे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले आणि त्यांतले दहापैकी सात खेड्यांत होते. त्यांच्यासाठीच्या सोयींची चर्चा मात्र स्थानकावरचा उतार, इमारतीची लिफ्ट, संगणकाचा आवाज यांच्याभोवती फिरते. बाडीची चर्चा कोण करणार?

परसवाड्यासारख्या तालुक्यात, जिथे गोंड आणि बैगा वस्त्या आहेत आणि धान हेच मुख्य पीक आहे, तिथे ती रोजगार हमीच्या वाटेने करता येते. रोजगार हमी कायद्यान्वये खाजगी जमिनीवर विहीर किंवा फळबाग मिळू शकणाऱ्या घरांच्या यादीत अपंग कुटुंबप्रमुखाचे घर नाव घेऊन लिहिले आहे. मध्य प्रदेशाने त्याच आधारावर विहिरींसाठी कपिलधारा आणि फळझाडांसाठी नंदन फलोद्यान अशा उपयोजना चालवल्या. म्हणजे पाणी आणि झाड, दोन्हींचा हक्क आहे. पण विहीर खोदून झाली तरी पाणी ओढायचे कोणी, हा प्रश्न उरतो. एका पायाने अधू असलेल्या माणसाला कठड्याशी वाकून रहाट ओढणे धोक्याचे असते. त्याला हवे असते ते मोटारीचे बटण उभ्याने पोचेल असे, टाकीचा नळ कंबरेशी, वाफे दोन हात रुंद आणि दोन्ही बाजूंनी पोचता येतील असे, मधली वाट कुबडी न रुतता टेकेल इतकी टणक. मुरुमाची वाट आणि विटांचे दोन थर देऊन उंच केलेला वाफा यांना परदेशी सामान लागत नाही. गावातला गवंडी ते काम करू शकतो, आणि ते विहिरीच्या कामाबरोबरच झाले तर नंतर वेगळा खर्च काढावा लागत नाही.